चोर कुणी व्हायचे?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला आमच्या घराच्या ओसरीवर चार-पाच मुलांचा एक खेळ रंगला होता. पत्ते नव्हेत, कॅरम नव्हे, मोबाईल तर नव्हेच. मधोमध एक वही, शिसपेन्सिली आणि चित्रविचित्र आकारांचे फासे. त्यांतला एक तर चक्क वीस बाजूंचा. पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा हा खेळ घेऊन आला होता. तो प्रसंग सांगे : रात्र झाली आहे, पडक्या गढीच्या दाराशी तुम्ही उभे आहात, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे, काय कराल? मुले आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देत. कुणाचा घाव बसला आणि कुणाचा हुकला, हे फासा ठरवी. तासन्‌तास मुले जागची हलत नव्हती. कथाकथन, नाट्य आणि फासे यांचा हा मिलाफ पाहून मला, खरे सांगायचे तर, कौतुकच वाटले.

या खेळात प्रत्येकाने आरंभी एक ‘क्लास’ घ्यायचा असतो. आपले पात्र कोण, त्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्या क्लासवरून ठरते. आपण त्याला पात्रवर्ग म्हणू. भाच्याने सोयीसाठी चारच ठेवले होते : योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि चोर. पहिल्या तिघांनी पहिले तीन उचलले. शेजारच्या मुलाचा एक वर्गमित्र जवळच्या तांड्यावरून सायकलने आला. त्याला थोडा उशीर झाला होता. उरले होते ते त्याच्या वाट्याला आले. त्याने कागदावरचा तो शब्द वाचला आणि इतकेच म्हणाला, ‘‘मले चोर नाही व्हायचं, दादा. मी नुसता पाहतो.’’ दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

‘‘मामा, त्यात रुसण्यासारखं काय आहे?’’ भाचा म्हणाला. ‘‘चोर हा तर सगळ्यात भारी क्लास. कुलपं उघडतो, सापळे ओळखतो, अंधारात कुणाला दिसत नाही.’’ त्याचे म्हणणे खेळापुरते खरे होते. त्या मुलांच्या मनात काही वाकडे नव्हते, याचीही मला खात्री आहे. परंतु एकाच शब्दाचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे पडत नाही, हे त्या वयात कळत नाही. आणि कळायला हवे ते पुष्कळांना आमच्या वयातही कळत नाही.

जन्मतः मारलेला शिक्का

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ नावाचा कायदा केला. या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. गुन्हा केला म्हणून गुन्हेगार नव्हे, तर अमुक आईच्या पोटी जन्माला आला म्हणून गुन्हेगार! नोंदवही, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही हा कायदा सुटण्यास पाच वर्षे लागली; ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज याच विमुक्त जातींमध्ये मोडतो.

कायद्याच्या पुस्तकातून शिक्का गेला, पण लोकांच्या जिभेवरून तो सहज जात नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर कुठे वळते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पद्मश्री गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यमगरवाडीत पारधी व अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभे केलेले काम या साप्ताहिकाच्या वाचकांना नवे नाही. शाळा, वसतिगृह, दोन वेळचे अन्न यांच्याइतकेच मोठे काम तेथे झाले ते त्या शिक्क्याशी झुंजण्याचे. अशा मुलाच्या हाती, खेळात का होईना, ‘चोर’ असे लिहिलेला कागद द्यावा आणि त्याने तो हसत घ्यावा, ही अपेक्षाच मुळी अडाणीपणाची आहे.

नियमपुस्तकाची जन्मकथा

मग प्रश्न पडला, हे चार वर्ग आले कोठून? भाच्याने माहिती काढून दिली, काही मी शोधली. या खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी ही मंडळी टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळत. एका सोंगटीने पलटणीऐवजी एका माणसाचे प्रतिनिधित्व करावे, ही कल्पना पुढे आली आणि त्यातून हा खेळ जन्मला.

पहिल्या पुस्तिकांत वर्ग तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि ‘क्लेरिक’, म्हणजे धर्मगुरू. या धर्मगुरूने तलवार वापरायची नाही, गदेसारखे बोथट शस्त्रच घ्यायचे, असा नियम होता. मध्ययुगीन युरोपातील पाद्री रक्त सांडू नये म्हणून सोटा वापरीत, या दंतकथेचे ते प्रतिबिंब. १९७५ च्या पुरवणीत ‘थीफ’ म्हणजे चोर आला आणि त्याच पुरवणीत ‘पॅलाडिन’ हा धर्मवीरही आला. पॅलाडिन हे नाव शार्लमेन राजाच्या बारा सरदारांच्या आख्यायिकांतून घेतलेले. खेळात तो निष्कलंक सज्जन. इतिहासात मात्र याच शार्लमेनने ७८२ साली व्हेर्डेन येथे साडेचार हजार सॅक्सनांची मुंडकी उडविल्याचे त्याच्याच दरबारच्या बखरी सांगतात. बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनाला देहदंड, असा कायदाही त्याने केला. आपल्या मुलांच्या कागदावर येणारी ही नावे अशी पोकळीतून आलेली नाहीत. त्यांच्यामागे एका समाजाच्या स्मृती आहेत. त्या समाजाने आपल्या स्मृतींतून आपला खेळ घडविला, यात त्याचा दोष काही नाही.

दोष दुसरा होता, आणि तो आपण नीट पाहण्यासारखा आहे. या खेळात वर्गाबरोबर ‘रेस’ही असे : मनुष्य, बुटका, एल्फ इत्यादी. १९७४ च्या नियमांनुसार बुटक्याला लढवय्याच व्हावे लागे, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच. हॉबिट तर चौथ्या पायरीवर थांबे. मनुष्यजातीला मात्र मर्यादा नव्हती. पॅलाडिन व्हायचे तर मनुष्यच असले पाहिजे. कितीही पराक्रम करा, कितीही फासे तुमच्या बाजूने पडोत, जन्माने ठरविलेल्या पायरीच्या वर तुम्हाला जाता येणार नाही! जन्माधिष्ठित उच्चनीचतेवरून आपल्याला उठता-बसता उपदेश करणाऱ्या समाजातल्या मुलांच्या करमणुकीतही ही भिंत सुखेनैव उभी होती.

ती भिंत त्यांनी पाडली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्याही जन्माच्या पात्राला कोणताही वर्ग आणि कोणतीही पायरी खुली झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी वर्गांची मांडणीच बदलली. संरक्षण करणारा, प्रहार करणारा, रणभूमी ताब्यात ठेवणारा आणि इतरांना बळ देणारा, अशा चार कामांत सगळे वर्ग बसविले. हिशेब चोख झाला. पण सगळे वर्ग एकाच साच्यातले वाटतात, अशी कुरकुर जुन्या खेळाडूंनी केली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बारा वर्ग पुन्हा आपापल्या रंगरूपासह परतले. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच गेला, आणि पूर्वी जन्मावरून मिळणारी बळ-बुद्धीची वाढ आता पात्राच्या पूर्वायुष्यावरून, त्याने काय काम केले यावरून मिळू लागली. जन्माकडून कर्माकडे येण्यास त्यांना पन्नास वर्षे लागली.

रागावणे आणि नावे बदलणे

यावर आपल्याकडे काय करता येईल? पहिला मार्ग रागाचा. रागावण्यास कारणे आहेतच. १९७६ ची एक पुरवणी आणि १९८० चे ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ हे पुस्तक यांत इंद्र-विष्णूंसारख्या आपल्या देवतांना प्राणबळाचे आकडे देऊन ठेवले आहेत. म्हणजे पुरेसे फासे चांगले पडले तर देवही मारता यावा! या खेळातला राक्षस वाघाच्या तोंडाचा आहे. रामायण-महाभारत चाळून ही कल्पना आलेली नाही. १९७४ च्या एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या भागातून राक्षस या खेळात शिरला. १९७७ च्या पुस्तकातील चित्रात तर तो घरगुती झगा घालून, हाती चिलीम घेऊन ऐटीत बसलेला आहे. याचा निषेध करणारे पत्र लिहिणे सोपे आहे. पण निषेधाचे पत्र म्हणजे पर्यायी खेळ नव्हे. मुले पत्र खेळत नाहीत.

दुसरा मार्ग नावे बदलण्याचा, आणि तो अधिक धोक्याचा आहे. लढवय्याचा क्षत्रिय करायचा, धर्मगुरूचा ब्राह्मण, व्यापाऱ्याचा वैश्य. झाला खेळ भारतीय! असे प्रयत्न उत्साहाने करणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो : मग चोर कोण? या प्रश्नावर चर्चा थांबते. कारण या मांडणीत चौथ्या जागेवर कुणालातरी बसवावे लागते, आणि कुणाला बसवायचे, हे आपल्या मनाने आधीच ठरवून ठेवलेले असते. जे १८७१ साली इंग्रजांनी कायद्याने केले, तेच आपण फाशांनी करू. संस्कृत नावे दिली म्हणून अन्याय सुसंस्कृत होत नाही.

येथे स्वतःशीही खरे बोलावे लागेल. एकलव्याचा अंगठा ही आमच्याच नियमपुस्तकातील जखम आहे. कर्णाला रंगभूमीवर त्याचे कूळ विचारणारेही आमचेच होते. परंतु ज्या महाभारताने हे प्रसंग झाकून ठेवले नाहीत, त्याच महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांसविक्रेता व्याध तपस्वी कौशिकाला धर्म शिकवितो, आणि दासीपुत्र विदुर राजसभेत सर्वांत निर्भीड सत्य बोलतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात विभागणीचा आधार गुण आणि कर्म हा सांगितला आहे. समरसतेचा विचार मांडणारे हेच तर सांगत आले आहेत. प्रश्न आपल्याजवळ आधार आहे की नाही हा नसून, आपण तो आधार वापरणार की नाही, हा आहे.

विराटाघरचे वर्ष

पात्रवर्गांची नवी रचना करायची तर मला विराटपर्वासारखे दुसरे पाठ्यपुस्तक दिसत नाही. अज्ञातवासाच्या वर्षी पाच पांडवांनी काय केले? आपले वर्गच बदलले. सम्राट युधिष्ठिर कंक होऊन राजाबरोबर फासे खेळू लागला. भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात शिरला. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवू लागला. नकुलाने घोडे सांभाळले, सहदेवाने गाई. सम्राज्ञी द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करू लागली. काम बदलले, वेष बदलला, नाव बदलले. धर्म बदलला नाही. कीचक माजला तेव्हा आचाऱ्याच्या हातांनी त्याचा वध केला. आमच्या वऱ्हाडात तर चिखलदऱ्याचे नावच लोक कीचकाशी जोडतात.

विदर्भाची कन्या दमयंती हिच्या कथेतही असाच धडा आहे. राज्य हरलेला नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाकडे राहिला. विदर्भाच्या वाटेवर दोघांनी विद्यांची अदलाबदल केली; नलाने अश्वविद्या दिली आणि ऋतुपर्णाने फाशांचे रहस्य दिले. त्या एका देवघेवीने नलाला राज्य परत मिळाले. एका वर्गाच्या पात्राला दुसऱ्याची विद्या कशी मिळावी, यावर पाश्चात्त्य नियमपुस्तकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. आपल्या कथेचे उत्तर साधे आहे : आपल्याजवळचे काही दिल्यावाचून दुसऱ्याचे मिळत नाही.

यावरून भाच्याला मी सुचविले ते असे. प्रत्येक वर्गाला तीन अंगे असावीत : गुण, विद्या आणि व्रत. गुण फाशांनी मिळावा, कारण तो दैवाचा भाग. विद्या गुरूकडून वा सोबत्याकडून मिळावी. आणि सामर्थ्य यावे ते व्रतातून. व्रत पाळले तर बळ वाढेल, मोडले तर जाईल. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारताच तो जमिनीला टेकला. खेळासाठी याहून नेटका नियम कोण लिहू शकेल? कर्णाने दानव्रतापायी कवचकुंडले दिली, मोबदल्यात इंद्राची शक्ती मिळाली, पण ती एकदाच वापरता येणारी. ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वाचला. वर मिळतो तो अटीसह आणि शाप मिळतो तो उःशापासह, ही आपल्या कथांची रचना खेळाच्या नियमांना जणू तयारच आहे.

लहान-मोठेपण स्थिर नसते, हे तर आपले जुने खेळही सांगतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशे वीस पाने असतात. निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर दश्शी मोठी. उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, एक्का मोठा. दिवसा खेळाचा आरंभ रामाकडून, रात्री कृष्णाकडून. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट विलायतेत गेला आणि पुढे त्याची सापशिडी झाली. घरांतले सद्‌गुण-दुर्गुण पुसले गेले आणि आकडे तेवढे उरले. या ज्ञानाच्या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली जेकब श्मिट-मॅडसेन यांचा प्रबंध झाला. आपल्या खेळांचा अर्थ शोधायला डेन्मार्कहून अभ्यासक येतो, याचा आनंद मानावा आणि थोडी लाजही वाटू द्यावी.

हेर आणि नायक

राहिला चोर. त्या वर्गाची कौशल्ये पाहा : वेष पालटणे, अंधारात वावरणे, शत्रूच्या तटात फट शोधणे. हीच कौशल्ये घेऊन बहिर्जी नाईक शिवछत्रपतींच्या सेवेत उभे राहिले. १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेत त्यांनी काढलेल्या माहितीचे मोल सर्वज्ञात आहे. परंपरा त्यांना रामोशी समाजातले मानते, आणि याच रामोशी समाजावर इंग्रजांनी पुढे गुन्हेगारीचा शिक्का मारला. कौशल्य तेच. ते स्वराज्यासाठी वापरले तेव्हा त्याचे नाव हेर झाले; परक्यांच्या दप्तरात त्याचेच नाव चोर झाले. तेव्हा आमच्या खेळातून चोर हा शब्द गेला आणि ‘हेर’ आला. त्याचे व्रत : हाती आलेली बातमी स्वतःच्या लाभासाठी कधीही न विकणे.

पण एवढ्यावर समाधान मानले असते तर आम्ही पुन्हा त्या मुलाच्या वतीने आपणच ठरविले असे झाले असते. भाचा त्याच्या तांड्यावर गेला आणि त्यालाच विचारले, ‘‘तुला कोण व्हायचंय?’’ मुलगा आधी बोलेना. मग आजीकडून ऐकलेले सांगू लागला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरणारे तांडे, पुढे चालणारा नायक, त्याला ठाऊक असलेल्या पाणवठ्यांच्या जागा. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून आले असे मानतात. सैन्ये कुणाचीही असोत, त्यांना धान्य पोचे ते तांड्यांकडून. १८०३ च्या युद्धात वेलस्लीची फौजही त्यांच्यावर विसंबून होती. गुरु तेगबहादुरांच्या बलिदानानंतर १६७५ साली स्वतःचे घर पेटवून त्यांच्या देहाला अग्नी देणारे लखी शाह हे बंजाराच होते. पोहरादेवी दिग्रसहून दूर नाही, आणि पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून वसंतराव नाईक निघाले ते अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. इतका वारसा असलेल्या मुलाला आम्ही ‘चोर’ हा कागद दिला होता!

खेळात आता ‘नायक’ हा वर्ग आहे. त्याची विद्या वाटेची आणि पाण्याची. त्याचे व्रत : सोबत निघालेल्या एकालाही मागे न सोडणे. ते कलम त्या मुलाने स्वतः लिहिले. जंगलात रस्ता चुकलेल्या योद्ध्याला आणि मांत्रिकाला सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्यानेच बाहेर काढले, असे भाचा सांगतो.

दिग्रसच्या एका ओसरीवरचा हा प्रयोग. त्याचे नियम वहीच्या सात-आठ पानांत मावतात. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला संगणकीय खेळ करून दाखविला. तेव्हा आपल्या तरुणांत कसब नाही, असे कुणी म्हणू नये. फासे आणि कागदाच्या खेळाला तर भांडवलही लागत नाही. लागते ते आपल्या कथा पुन्हा वाचण्याचे कष्ट, आणि खेळाला बसण्यापूर्वी शेवटी आलेल्या मुलाला त्याची भूमिका विचारण्याचे सौजन्य. शाखेच्या मैदानावर आम्हाला लहानपणी कुणी आडनाव विचारले नाही. तो संस्कार मैदानापुरता ठेवायचा, की मुलांच्या वहीपर्यंत, आणि वहीतून समाजापर्यंत न्यायचा, याचे उत्तर आपल्या पिढीने द्यायचे आहे.